गाडीच्या काचेवरचा बर्फ: आधी सोडवा, मग खरवडा

धिरडं तव्याला चिकटलं तर कोणी वरून उलथन्याने खणत बसत नाही. झाकण ठेवून मिनिटभर थांबायचं, कड सुटू द्यायची, मग उलथनं खालून सरकवायचं. गाडीच्या काचेवर गोठलेल्या बर्फाचंही असंच आहे. तो काचेला चिकटतो एका अगदी पातळ थरात. तो थर सुटला की वरचा बर्फ ढलप्यांनी निघतो. शिकागो, टोरोंटो, एडिसन, म्युनिक अशा ठिकाणच्या पहिल्या हिवाळ्यात बहुतेक जण नेमकं उलटं करतात: वरून जोर लावतात, नाहीतर सगळाच बर्फ वितळवायला निघतात.

सगळा वितळवणं किती महाग पडतं ते एकदा आकड्यांत बघू. पुढची काच साधारण सव्वा चौरस मीटरची धरली, तर त्यावरचा १ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे १.१ किलो बर्फ. शून्य अंशाच्या १ किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ३३४ किलोजूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे १००० वॉटचा हीटर, जराही उष्णता वाया न घालवता, सहा मिनिटांहून जास्त वेळ चालवावा लागेल. प्रत्यक्षात बाहेर उणे १२ आणि वारा असताना यातली बरीच उष्णता हवेतच जाते. हेअर ड्रायर घेऊन बाहेर उभं राहणाऱ्यांचं गणित इथेच फसतं. शिवाय त्याचा झोत एकाच ठिकाणी पडून काचेचा तेवढाच भाग तापतो, तो धोका वेगळाच.

आधी काय साचलंय ते बघा

रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर हवा ३-४ अंशांवर असतानाही काचेवर गोठलेलं दव मिळतं. काच उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश थंड होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी उभ्या असलेल्या जीपच्या टपावर हिमकण दिसतात, तेही असेच, तापमापक शून्याच्या वर असताना. पुढची काच तिरकी, आकाशाकडे तोंड करून असते, म्हणून दव तिच्यावर जास्त गोठतं आणि उभ्या दारांच्या काचांवर कमी. जवळून पाहिलं तर हा थर पिसांसारखा, करकरीत पांढरा दिसतो. हा सर्वांत सोपा: चांगल्या स्क्रेपरने दोन-तीन मिनिटांचं काम.

भुसभुशीत स्नो दिसायला भयंकर, पण काचेला फारसा चिकटलेला नसतो. तो ब्रशने ढकलायचा. गडबड होते ती त्याच्याखाली: गाडी उबदार असताना स्नो पडायला लागला तर पहिला थर वितळतो आणि मग गोठतो. वरचा ढीग काढल्यावर खाली काचेसारखा टणक बर्फ सापडतो तो हाच.

तिसरा प्रकार गोठणाऱ्या पावसाचा, म्हणजे फ्रीझिंग रेन. थेंब पाण्याच्या रूपात पडतात आणि टेकताच गोठतात. माँट्रियालच्या भागात जानेवारी १९९८ मध्ये अशा पावसाने विजेचे मनोरे आडवे केले होते. तो काचेला पूर्ण पृष्ठभागाने, मध्ये हवेचा कणही न ठेवता चिकटतो. त्याच्यावर नुसता स्क्रेपर घसरतो. तिथे बहुतेक वेळा आतून उष्णता द्यावी लागते आणि पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवावी लागतात.

गरम पाण्याचा तांब्या घरातच राहू द्या

पुढची काच एकसंध नसते. साधारण २-२ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पाऊण मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचा थर, असा तो सँडविचचा प्रकार आहे. या काचा दारांच्या काचांसारख्या टेम्पर केलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेल्या, नसतात. साध्या काचेच्या एकाच तुकड्यात ४० अंशांच्या आसपास तफावत पडली की तिला ते जड जायला लागतं. उणे १० वरच्या काचेवर ६० अंशांचं पाणी ओतलं की तफावत ७० ची. पाणी पडलेला भाग फुगू पाहतो, शेजारचा थंड भाग त्याला फुगू देत नाही, आणि हा ताण जिथे काच आधीच कमजोर आहे तिथे फुटतो: कडेला, किंवा ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्याने पडलेल्या बारीक टवक्यापाशी. टवका वाटाण्याएवढा असला तरी त्यातून हातभर तडा जाऊ शकतो.

‘आम्ही तर नेहमी ओततो, काही होत नाही’ असं म्हणणारे भेटतात. टवका नसलेल्या काचेवर, उणे २ मध्ये, कोमट पाणी, अशा जुळणीत खरंच काही होत नाही. पण पाणी ओघळून वायपरच्या खाचेत आणि पायाखालच्या फरशीवर जातं आणि तिथे गोठतं, त्याचं काय? काच वाचली आणि कंबर मोडली असा सौदा होतो. कोमट पाणीही नकोच.

टवका पडलाच असेल तर थंडी सुरू होण्याआधी तो रेझिन भरून दुरुस्त करून घ्या. त्यात शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दर रात्री फट जराजरा उघडत जातं. असा टवका असलेल्या गाडीत ब्लोअरही हळूहळूच तापवा.

सकाळचा क्रम

सगळ्यात आधी गाडीच्या मागे जा आणि धुराचं नळकांडं मोकळं आहे का ते बघा. रात्री रस्ता मोकळा करणाऱ्या नांगराच्या गाडीने ढकललेला स्नो बरोबर तिथेच साचतो. नळकांडं बंद असताना एंजिन सुरू केलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या आत येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. याच कारणासाठी गॅरेजमध्ये एंजिन चालू ठेवून गाडी तापवू नका, दार वर केलेलं असलं तरी नाही. गॅरेज घराला जोडलेलं असेल तर तो वायू घरातही शिरतो. रिमोटने गाडी सुरू करणाऱ्यांनी ती बाहेर उभी आहे की आत, हे बटण दाबायच्या आधी आठवावं.

मग चावी फिरवण्याआधी वायपरचा दांडा बंदवर आहे ना ते पाहा. पावसाचा सेन्सर असलेल्या गाड्यांत तो ‘ऑटो’वर विसरला जातो. एंजिन सुरू होताच सेन्सरला ओल दिसते आणि काचेला चिकटलेले वायपर हलायचा प्रयत्न करतात. मग रबराची धार फाटते, फ्यूज उडतो, मोटर जळते, किंवा वायपरचा हात ज्या दातेरी टोकावर बसतो ते दाते झिजून हात सैल पडतो. वायपर हलताना मोटरचा आवाज येतोय पण हात जागचा हलत नाही, असं झालं तर बहुधा हेच झालेलं असतं.

एंजिन सुरू झालं की हवा पुढच्या काचेकडे वळवा. वर रुंद, खाली अरुंद अशा हातपंख्याच्या आकाराच्या चौकटीत वर जाणारे नागमोडी बाण, ते बटण पुढच्या काचेचं. आयताकृती चौकटीतले बाण मागच्या काचेचे. आतलीच हवा फिरवत ठेवणारं बटण बंद करा. हे उलटं वाटतं, कारण बाहेरची हवा गोठवणारी. पण उणे १० ची हवा घनमीटरला दोन-अडीच ग्रॅमपेक्षा जास्त वाफ धरूच शकत नाही, तर २० अंशांची १७ ग्रॅमपर्यंत धरते. बाहेरची हवा तापवून आत घेतली की ती कोरडी ठणठणीत असते आणि काच आतून धुरकटत नाही. एसी सुरू ठेवला तर हवा आणखी सुकते, मात्र गोठणबिंदूच्या आसपास आणि त्याखाली अनेक गाड्यांत कंप्रेसर आपणहून बंदच राहतो. काही बिघडलेलं नाही.

तापमानाचा खटका कुठे ठेवायचा? एंजिन रात्रभर थंड पडलेलं असेल तर सरळ पूर्ण गरमवर ठेवा. हीटरची ऊब एंजिनच्या कूलंटमधून, म्हणजे एंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून येते, तो सावकाश तापतो, तसतशी काचही सावकाश तापते. सावध राहायचं ते दुसऱ्या वेळी: दुकानात तासभर गेलात, एंजिन अजून गरम आहे आणि काचेवर मात्र बर्फ बसलाय. तेव्हा पहिल्या क्षणापासून कढत वारा येतो. अशा वेळी खटका मधल्याच्या खाली ठेवून तीन-चार मिनिटांत वाढवत न्या. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जरला लावलेली असतानाच निघायच्या वीस-तीस मिनिटं आधी अ‍ॅपवरून केबिन तापवायला लावा. बॅटरीऐवजी घरची वीज जाते, आणि तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत बर्फ काचेवरून सरकायला लागलेला असतो.

मागच्या काचेचा डीफॉगरही याच वेळी सुरू करा. तो विजेच्या बारीक तारांनी काच तापवतो आणि काही मिनिटांनी आपोआप बंद पडतो. गरज असेल तर पुन्हा लावा. त्या तारा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात. मागची काच बाहेरून खरवडायला हरकत नाही, पण आतून कधीही नाही. एक तार तुटली की तेवढा पट्टा कायमचा धूसर.

एंजिन तापतंय तोवर टपावरचा स्नो खाली ओढा. मऊ फोमचं डोकं असलेला लांब दांड्याचा ब्रश यासाठी मिळतो. अंगणाचा खराटा किंवा फावडं वापरलं तर रंगावर ओरखडे पडतात. टप आधी, काच नंतर. क्रम चुकला की साफ केलेल्या काचेवर टपाचा ढीग पुन्हा येतो. आणि टप तसाच सोडला, तर पहिल्या सिग्नलला ब्रेक मारताच तो अख्खा थर घसरून पुढच्या काचेवर येतो. वायपरला तो उचलत नाही आणि तुम्ही भर चौकात आंधळे. मागच्या गाडीवर उडालेला बर्फाचा पत्रा त्याहून वाईट.

बोनेट आणि काच यांच्या मधली जाळी विसरू नका. केबिनमध्ये हवा तिथूनच जाते. ती स्नोने बुजलेली असेल तर ब्लोअर नुसता घरघरतो, वारा येत नाही, आणि जो येतो तो ओलसर असतो.

आता स्क्रेपर

सात-आठ मिनिटांत काचेच्या तळाशी, जिथून गरम वारा येतो तिथे, बर्फाची कड पारदर्शक व्हायला लागते. त्याच्या पांढऱ्या रंगात ओलसर काळपट डाग दिसतो. धिरड्याची कड सुटली ती हीच. स्क्रेपर तिथून लावा आणि वर-बाहेर ढकला. खालून हात घातला तर तळहाताएवढे ढलपे एका दमात निघतात. वरून, कोरड्या भागापासून सुरुवात केली तर नुसता चुरा पडतो आणि हात दुखतो.

स्क्रेपर काचेशी साधारण ४५ अंशांत धरा. एकाच दिशेने ढकला, पुढे-मागे घासू नका. काचेवर हिवाळ्यात रस्त्यावरच्या वाळूचा आणि मिठाचा बारीक थर असतो. काचेला ओरखडे पाडतात ते हे कण, प्लास्टिक नव्हे, आणि पुढे-मागे घासलं की तुम्ही त्या वाळूने काच पॉलिश करत असता. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यात जे बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकतात ते असेच साठत जातात. जाड बर्फ असेल तर आधी स्क्रेपरच्या दातेरी बाजूने उभ्या-आडव्या रेघा मारून चौकोन पाडा, मग सपाट बाजूने चौकोन उचला.

साधन निवडताना प्लास्टिकचा कडक, सरळ धारेचा स्क्रेपर पुरेसा. पितळी पात्याचाही चालतो, कारण पितळ काचेपेक्षा मऊ असतं. पण पितळी पात्याच्या कडेला टोचा आलाय का ते बोटाने तपासा. स्टीलचं उलथनं, पुट्टीचं पातं, सुरी यांना गाडीजवळ आणू नका. प्लास्टिकच्या धारेला खाचा पडल्या की स्क्रेपर बदला. चार-पाच डॉलरची वस्तू आहे, आणि खाचा पडलेला स्क्रेपर बर्फाच्या रेघा मागे सोडतो, म्हणून माणूस जास्त जोर लावतो. स्क्रेपर नसेलच तर दुकानाचं जुनं मेंबरशिप कार्ड पातळ दवाला चालतं. बँकेचं कार्ड वापरू नका, थंडीत प्लास्टिक ठिसूळ होऊन तुटतं.

बर्फावर ठोकणं पूर्ण वर्ज्य. दारांच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर केलेल्या असतात. कठीण टोकाचा एक घाव नेमका बसला की पूर्ण काचेचे साबुदाण्यासारखे दाणे होतात.

बाहेरचे आरसे खरवडू नका. आरसे तापवायची सोय बहुतेक गाड्यांत मागच्या काचेच्या बटणालाच जोडलेली असते. गोठणारा पाऊस येणार असेल तर रात्री आरसे आपोआप मिटायची सोय बंद करून ठेवा. मिटलेला आरसा गोठला आणि मोटरने तो उघडायचा प्रयत्न केला की आतले प्लास्टिकचे दाते तुटतात.

बाटलीतला फवारा

एंजिन चालू ठेवायची सोय किंवा परवानगी नसेल तिथे अल्कोहोलचा फवारा कामाला येतो. तोही चिकटलेला थरच सोडवतो, फक्त उष्णतेऐवजी गोठणबिंदू खाली आणून. ५०० मिलिलिटरच्या फवाऱ्याच्या बाटलीत ३५० मिलिलिटर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (अमेरिका-कॅनडात औषधाच्या दुकानात रबिंग अल्कोहोल म्हणून मिळतं), १५० मिलिलिटर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब घाला. हे मिश्रण उणे १५ पर्यंत बिनघोर काम देतं. त्याहून थंडी असेल तर पाणी न घालता ७० टक्क्यांचंच वापरा.

वरून खाली मारा, मिनिटभर थांबा, मग स्क्रेपरने काढा आणि लगेच फडक्याने पुसा. पुसणं लोक टाळतात आणि मग तक्रार करतात की परत गोठलं. परत गोठणारच: बर्फ वितळला की अल्कोहोल त्या पाण्यात पातळ होतं, शिवाय ते पाण्याआधी उडून जातं आणि उरतं ते नुसतं पाणी. गोठलेल्या पावसाच्या जाड थरावर नुसता फवारा मारून उपयोग नाही, आधी दातेरी बाजूने रेघा पाडा म्हणजे तो खालपर्यंत उतरेल. अल्कोहोल पेट घेतं. फवारताना सिगारेट नको, आणि बाटली हीटरच्या झरोक्यासमोर ठेवू नका.

व्हिनेगरचा उपाय दर हिवाळ्यात फिरतो. घरगुती ५ टक्क्यांचं व्हिनेगर स्वतःच उणे २ च्या आसपास गोठतं. गोठलेल्या दवापुढे त्याची मजल नाही, आणि गाडीला लोणच्याच्या बरणीसारखा वास येतो तो वेगळा. मिठाचं पाणी बर्फ सोडवतं खरं, पण तेच पाणी बोनेटच्या फटीत उतरून पत्रा गंजवतं.

वॉशरच्या टाकीत पाणी नको

भारतात वॉशरच्या टाकीत नळाचं पाणी भरायची सवय असते. थंड देशात तेच केलं तर पहिल्याच कडक रात्री टाकी, नळ्या किंवा पंप तडकतो. हिवाळी वॉशर फ्लुइड घ्या. कॅनडात सर्रास मिळतं ते उणे ४० चं (या एका आकड्याला सेल्सियस आणि फॅरेनहाइट दोन्ही मोजमापं जुळतात). अमेरिकेत डब्यावर उणे २० फॅरेनहाइट लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे उणे २९ सेल्सियस. ३२ फॅरेनहाइटवाला डबा उन्हाळ्याचा, स्वस्त दिसला तरी घेऊ नका. टाकीत उन्हाळ्याचं उरलेलं असेल तर आधी फवारून संपवा, नाहीतर दोन्ही मिसळून मधलंच काहीतरी होतं.

यातल्या बऱ्याच फ्लुइडमध्ये मिथेनॉल असतं, ते पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, जीवही. रंग निळ्या सरबतासारखा. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी नको आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नका.

काच तापायच्या आत वॉशर मारू नका. हायवेवर तर विशेष: वाऱ्याने अल्कोहोल क्षणात उडतं, काच आणखी थंड होते आणि उरलेलं पाणी डोळ्यांसमोर पांढरं गोठतं. काच हाताला आतून कोमट लागली की मग बिनधास्त मारा.

मनाली, स्पिती, लेहकडे पुण्या-मुंबईची गाडी घेऊन हिवाळ्यात जाणाऱ्यांनी चढाईला लागण्याआधी टाकीतलं पाणी फवारून संपवावं, आणि पाणी संपल्यावर पंप कोरडा चालवू नये. तिथे रात्री गाडी गियरमध्ये टाकून चाकाला दगड लावतात, हँडब्रेक ओढत नाहीत, कारण ओढलेला ब्रेक सकाळी गोठून बसतो.

बर्फ आतून असेल तर

काच बाहेरून स्वच्छ, तरी पांढरी? मग बर्फ आतल्या बाजूला आहे. तो श्वासाच्या आणि बुटांबरोबर आलेल्या स्नोच्या वाफेचा असतो. आतून स्क्रेपर चालवला तर चुरा डॅशबोर्डवर पडतो, वितळतो आणि उद्या पुन्हा काचेवर येतो. ब्लोअरने सोडवा आणि कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. तळहाताने पुसू नका, हाताच्या तेलकटपणाने धूसरपणा वाढतो.

मूळ पाणी बाहेर काढल्याशिवाय हे थांबत नाही. रबरी मॅटमध्ये साचलेलं पाणी रोज संध्याकाळी ओतून टाका, कापडी मॅट घरात वाळवा. गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं खिडक्या बोटभर उघडून आतली दमट हवा जाऊ द्या. केबिनचा फिल्टर कचऱ्याने बुजला असेल तर बदला. आणि काचेच्या आत चिकट, तेलकट थर येतोय, हीटर लावला की गोडसर वास येतोय असं असेल, तर हीटरमधून कूलंट गळतोय. ते फडक्याने सुटणारं काम नाही, मेकॅनिककडे न्या.

निघताना आणि आदल्या रात्री

वायपर हाताने अलगद उचलून काचेपासून सुटे करा, रबरावर अडकलेले बर्फाचे मणी बोटांनी काढा, मगच दांडा फिरवा. मागच्या आरशापाशी, काचेच्या वरच्या मधल्या भागात पुढचा कॅमेरा असतो, तो चौकोन पूर्ण साफ हवा. नाहीतर लेन सांभाळणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद पडते किंवा चुकते. पुढचे दिवेही पुसा: एलईडीचे दिवे पूर्वीच्या दिव्यांसारखे तापत नाहीत, त्यांच्यावर बसलेला स्नो वितळत नाही.

पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढं भोक पाडून निघणं बेकायदा आहे, देशोदेशी थोड्याफार फरकाने. ब्रिटनच्या हायवे कोडचा २२९ वा नियम सगळ्या काचांवरचा बर्फ काढायला सांगतो, आणि एंजिन चालू ठेवून गाडी सार्वजनिक रस्त्यावर सोडून घरात जायलाही तिथे मनाई आहे. जर्मनीत भोकातून बघत गाडी चालवली तर १० युरो दंड, पण काच खरवडताना एंजिन विनाकारण चालू ठेवलं तर ८० युरो. म्हणून तिथे फवारा आणि स्क्रेपर यांच्यावरच भिस्त. न्यू जर्सीत टपावरचा बर्फ न काढता निघालात तर २५ ते ७५ डॉलर, त्याचा कोणाला अपघात झाला नाही तरीसुद्धा.

रात्रीची पाच मिनिटं सकाळची पंधरा वाचवतात. काचेवर टाकायचं खास आवरण मिळतं, त्याचे कान दारांत अडकवून दार लावायचं. कोरड्या काचेवर ते उत्तम. जुनी चादर टाकू नका; ती ओली झाली की काचेला गोठून बसते आणि सकाळी बर्फाबरोबर चादरही सोडवायची. छपराखाली किंवा दाट झाडाखाली गाडी लावली तर उघडं आकाश दिसत नाही आणि दव कमी गोठतं. पूर्वेकडे तोंड करून गाडी लावा म्हणजे उन्हाने बर्फ जाईल, हा सल्ला ऐकायला छान, पण डिसेंबरात लंडन-टोरोंटोत सूर्यच आठच्या सुमारास उगवतो.

गोठणारा पाऊस येणार असेल तर वायपर उभे करून ठेवा. बोनेटखाली लपणारे वायपर असलेल्या गाड्यांत आधी त्यांना सर्व्हिस पोझिशनमध्ये आणावं लागतं, गाडीच्या पुस्तकात कसं ते दिलेलं असतं. जोराचा वारा असेल तर मात्र खालीच राहू द्या. वाऱ्याने उलटून आपटलेला वायपरचा हात काचेला तडा देतो.

दारांच्या रबरी पट्ट्यांवर ऑक्टोबरात एकदा सिलिकॉन चोळून ठेवा. तरी दार चिकटलंच तर मूठ ओढू नका. खांद्याने दार आतल्या बाजूला दोन-तीनदा दाबा, फटीतला बर्फ तडकतो आणि दार सुटतं. कुलपात बर्फ असेल तर कुलपाचा डी-आयसर, म्हणजे बर्फ सोडवणारा फवारा मारा. लायटरने चावी तापवण्याचा जुना उपाय आता चालत नाही, चावीतली चिप जळते. आणि डी-आयसर, स्क्रेपर, हातमोजे हे तिन्ही घरात, दाराजवळच्या खुंटीला असू द्या. डिकी गोठलेली असताना डिकीतल्या स्क्रेपरचा काही उपयोग नाही.